आयर्लंडचे लोकनायक डॅनियल ओकॉनेल

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे देऊळ कोणी बांधिले, पहिले धर्मगुरू कोण, घंटा कोठून आली, शाळा केव्हा निघाली या गोष्टींचे स्मरण आपण प्रेमाने करितो, आणि तसे करणे योग्यच होय. परंतु देवळाच्या आत जे घडते त्याजबरोबर देवळाच्या दाराबाहेर, मिस्सा आटोपल्यावर माणसे चार घटका बोलत उभी राहतात तेथेही, पुष्कळ काही घडत असते. एका देशात याच जागी, महिन्याकाठी एका पेनीच्या वर्गणीतून, पिढ्यानपिढ्या दबून गेलेली कुळे ताठ मानेचे नागरिक बनली. ती हकीकत ज्या पुरुषाच्या चरित्रात सामावलेली आहे, त्याचा अल्प परिचय या ज्युबिली अंकाच्या वाचकांस करून द्यावा असे आम्हांस वाटले. मनुष्य कायद्याच्या एका कलमाने नागरिक होतो, की त्यास तसे होण्यास शिकावे लागते, या प्रश्नाचा उलगडा या चरित्रातून जितका होतो तितका क्वचितच अन्यत्र होत असेल.

जन्म व बालपण

डॅनियल ओकॉनेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्येस, केरी परगण्यात, समुद्राजवळ झाला. घराणे जुन्या कॅथलिक जमीनदारांचे. तत्कालीन चालीप्रमाणे तान्हेपणी त्यांस एका गरीब शेतकरी कुटुंबात वाढविण्यास दिले होते; त्यामुळे लहानपणीच त्यांच्या कानी आयरिश भाषा पडली, आणि गरिबाच्या झोपडीचा परिचय त्यांस बंगल्याच्या आधी झाला. पुढे त्यांचे निपुत्रिक चुलते मॉरिस यांनी त्यांस डेरीनेन येथील आपल्या घरी नेले व त्यांच्या शिक्षणाचा भार उचलिला.

त्या काळी आयर्लंडातील बहुसंख्य प्रजा कॅथलिक, आणि सत्ता मात्र मूठभर प्रॉटेस्टंट जमीनदारांच्या हाती, अशी स्थिती होती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जे कायदे होत गेले त्यांन्वये कॅथलिकास जमीन खरेदी करिता येत नसे, शस्त्र बाळगता येत नसे, शाळा चालविता येत नसे, सरकारी हुद्दा मिळत नसे. आणि १७२८ साली मत देण्याचा हक्कही काढून घेण्यात आला. ओकॉनेल लहानाचे मोठे होत असता यांपैकी पुष्कळ कायदे शिथिल झाले. १७९३ साली मताचा हक्क परत मिळाला. परंतु पार्लमेंटात बसणे, न्यायाधीश होणे, राज्यकारभारातील उच्च पदे मिळविणे ही दारे बंदच राहिली.

कायदे शिथिल झाले तरी कायद्यांनी लाविलेली सवय एकदम जात नाही. आयरिश कूळ जमीनदारापुढे टोपी काढून, मान खाली घालून उभे राही. मत त्याचे, पण ते कोणास द्यावयाचे हे जमीनदाराने ठरवावयाचे, आणि निवडणुकीच्या दिवशी कारभाऱ्याने कुळांस गुरांप्रमाणे हाकीत मतदानाच्या जागी न्यावयाचे, अशी रीत होती. हाच मनुष्य रात्री मात्र कधी कधी गुप्त टोळीत सामील होऊन गंज्या जाळी, जनावरे मारी. दिवसा वाकावे आणि रात्री जाळावे, या दोहोंवाचून तिसरा मार्ग त्यास कोणी शिकविला नव्हता.

विद्याभ्यास व वकिली

कॅथलिक मुलांस उच्च शिक्षण स्वदेशी दुर्मीळ असल्याने ओकॉनेल यांस बंधूसह फ्रान्सात सेंत ओमेर व नंतर दुए येथील विद्यालयांत पाठविण्यात आले. तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. ज्या दिवशी लुई राजाचा शिरच्छेद झाला त्याच दिवशी, म्हणजे २१ जानेवारी १७९३ रोजी, हे दोघे बंधू दुए सोडून निघाले. स्वातंत्र्याच्या नावाने वाहिलेले रक्त त्यांनी कोवळ्या वयात जवळून पाहिले. पुढे लंडनात कायद्याचा अभ्यास करून १७९८ साली ते डब्लिनात बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी आयर्लंडात बंड झाले व हजारो माणसे प्राणास मुकली. या दोन अनुभवांनी त्यांच्या मनावर जो ठसा उमटला तो अखेरपर्यंत पुसला गेला नाही. लोकांचे हक्क लोकांनीच मिळवावे, परंतु रक्त न सांडता, हे त्यांचे ब्रीद ठरले.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. लंडनातील विद्यार्थिदशेत नव्या तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ वाचून त्यांची धर्मश्रद्धा डळमळली होती, व काही वर्षे ते ख्रिस्तसभेच्या आचारांपासून दूर राहिले. पुढे ते परत आले आणि नित्य मिस्सा ऐकणारे भाविक झाले. मात्र त्या ग्रंथांतून घेतलेला एक विचार त्यांनी टाकिला नाही: आपल्या धर्मास जे स्वातंत्र्य आपण मागतो ते दुसऱ्याच्या धर्मासही द्यावयास हवे. म्हणूनच पुढे पार्लमेंटात गेल्यावर यहुदी लोकांच्या नागरिक हक्कांचाही त्यांनी कैवार घेतला.

वकिलीत त्यांनी मोठे नाव मिळविले. गरीब कुळास फाशीच्या दोरापासून सोडविणारा वकील म्हणून त्यांचे नाव खेडोपाडी झाले. कॅथलिक असल्याने त्यांच्याहून कमी योग्यतेची माणसे वरच्या पदास चढत, व हे मात्र साध्या बॅरिस्टराच्या झग्यातच राहत. १८०१ साली आयर्लंडचे पार्लमेंट मोडून ते लंडनच्या पार्लमेंटात विलीन करण्यात आले. या जोडणीविरुद्ध ओकॉनेल यांनी १८०० साली आपले पहिले जाहीर भाषण केले होते. जोडणी झाल्यावर कॅथलिकांस पार्लमेंटात बसण्याची मोकळीक मिळेल अशी आशा मंत्र्यांनी दाखविली होती. परंतु राजाने नकार दिला आणि ती आशा विरून गेली.

१८१५ साली त्यांच्या हातून एक दुःखद कृत्य घडले. डब्लिन नगरपालिकेतील देस्तेर नामक गृहस्थाने त्यांस द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, व त्या द्वंद्वात ओकॉनेल यांच्या गोळीने तो मृत्यू पावला. या पापाचा पश्चात्ताप त्यांस जन्मभर जाळीत राहिला. मृताच्या कन्येस त्यांनी अखेरपर्यंत वार्षिक वेतन दिले. आणि ख्रिस्तप्रसाद घेण्यास जाताना ते त्या हातावर हातमोजा चढवीत, असे सांगतात. पुढे हजारोंस संयम शिकविणाऱ्या या पुरुषास संयमाचे मोल कोणत्या किमतीस कळले, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

एका पेनीची वर्गणी

कॅथलिकांच्या हक्कांसाठी यापूर्वीही मंडळ्या निघाल्या होत्या. त्यांत सरदार, व्यापारी, वकील असत. अर्ज लिहीत, ठराव करीत, आणि आपसांत भांडून मोडत. १८२३ साली ओकॉनेल यांनी डब्लिनात कॅथलिक असोसिएशन स्थापन केले तेव्हा प्रारंभी त्याचीही तीच गत होते की काय असे वाटू लागले. सभासदांची वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. आणि सभेस १० माणसे जमणेही कठीण. १८२४ च्या फेब्रुवारीत एके दिवशी ठरलेली वेळ टळत आली तरी गणसंख्या भरेना. सभेची जागा एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानावर होती. ओकॉनेल जिना उतरून खाली गेले, तेथे पुस्तके घेत असलेल्या दोन तरुण पाद्र्यांस त्यांनी जवळजवळ ओढीतच वर आणिले, आणि गणसंख्या भरली असे सांगतात. धर्मगुरूंस वर्गणीवाचून सभासदत्व असल्यामुळे हे नियमास धरूनच होते. त्या दिवशी त्यांनी जी योजना मांडिली तिने आयर्लंडचा इतिहास पालटला.

योजना अशी होती. ज्यास गिनी देण्याची ऐपत नाही त्याने महिन्यास एक पेनी, म्हणजे वर्षास एक शिलिंग, द्यावी व असोसिएशनमध्ये आपले नाव नोंदवावे. धर्मग्रामागणिक वसुलीची व्यवस्था करावी. पेनी ही सर्वांत गरीब मजुरासही जड नव्हती. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची हकीकत वाचली आहे त्यांस या युक्तीचे मर्म सहज उमगेल. रविवारी मिस्सा सुटली की दाराशी वसूल करणारे उभे राहत, वहीत नाव लिहून घेत, आणि थेंबाथेंबाने तळे साचे. पहिल्याच वर्षात रक्कम हजारो पौंडांवर गेली.

परंतु पैसा हा त्यातला लहान लाभ होय. ज्याने पेनी दिली त्यास आपल्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा हक्क आला. ज्याचे नाव आजवर केवळ जमीनदाराच्या खंडवहीत होते, त्याचे नाव प्रथमच अशा वहीत लागले जी त्याची स्वतःची होती. असोसिएशनकडून धर्मग्रामास वर्तमानपत्र येई. वाचता येणारा ते मोठ्याने वाची आणि निरक्षर भोवती बसून ऐकत. डब्लिनात कोण काय बोलले, लंडनात कोणी विरोध केला, शेजारच्या परगण्यात कोणत्या कुळावर जुलूम झाला, हे खेड्यातील मनुष्यास कळू लागले. अन्याय झालेल्या गरिबाचा खटला वर्गणीच्या पैशातून चालविला जाई. तेव्हा गंजी जाळण्यापेक्षा वकील देणे बरे, ही गोष्ट उपदेशावाचून पटली. पुढे प्रत्येक धर्मग्रामात दोन पंच नेमण्याची पद्धत घालण्यात आली. त्यांतील एक धर्मगुरूने नेमावयाचा व दुसरा लोकांनी निवडावयाचा. दोघांनी वसुलीचा व गावच्या स्थितीचा अहवाल डब्लिनास धाडावयाचा. ज्यांस पार्लमेंटच्या निवडणुकीत आपल्या मनाने मत देण्याचे धैर्य झाले नव्हते, ते देवळाच्या अंगणात आपला पंच आपण निवडू लागले. १८२८ च्या जानेवारीत एकाच रविवारी हजाराहून अधिक धर्मग्रामांत एकाच वेळी सभा भरल्या आणि शांततेने विसर्जित झाल्या. ते पाहून राज्यकर्ते दंग्याने घाबरले नसते तितके घाबरले.

सरकारने १८२५ साली कायदा करून असोसिएशन बंद केले. ओकॉनेल यांनी कायद्यातील फटी पाहून ते नव्या रूपाने पुन्हा उभे केले. कायदा न मोडता कायद्याशी झुंजावे कसे, हाही एक धडाच होता.

क्लेअरची निवडणूक

मत देणाऱ्या कुळांस ४० शिलिंगवाले म्हणत. ज्याच्या हयातीच्या पट्ट्याच्या जमिनीचे उत्पन्न, खंड वजा जाता, वर्षास ४० शिलिंग भरे त्यास मत असे. मते वाढावी म्हणून जमीनदारांनीच असे पट्टे भराभर दिले होते. ही मते आपल्या खिशात आहेत असा त्यांचा समज होता. १८२६ साली वॉटरफर्ड परगण्यात तो समज प्रथम खोटा ठरला: पिढ्यानपिढ्यांच्या बेरेसफर्ड घराण्याच्या उमेदवारास त्याच्याच कुळांनी पाडिले. त्याबद्दल कुळांचा छळ झाला, थकलेल्या खंडाची मागणी दाराशी आली. तेव्हा वर्गणीतून त्यांस साहाय्य देण्यात आले.

१८२८ साली क्लेअर परगण्याचे प्रतिनिधी फिट्झजेरल्ड हे मंत्री झाल्याने नियमाप्रमाणे त्यांस पुन्हा निवडून येणे प्राप्त झाले. फिट्झजेरल्ड हे भले जमीनदार, शिवाय कॅथलिकांच्या मागणीस अनुकूल. त्यांच्याविरुद्ध प्रॉटेस्टंट उमेदवार मिळेना. तेव्हा ओकॉनेल स्वतः उभे राहिले. कॅथलिकास पार्लमेंटात बसण्यास बंदी होती, पण निवडणुकीस उभे राहण्यास बंदी नव्हती. त्यांच्या बाजूने झटणाऱ्यांत टॉम स्टील नावाचे प्रॉटेस्टंट जमीनदारही होते.

जुलै महिन्यात एनिस गावी मतदान झाले. त्या काळी मत गुप्त नसे. सर्वांसमक्ष, जमीनदाराच्या किंवा त्याच्या कारभाऱ्याच्या डोळ्यांदेखत, उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारावे लागे. ज्याच्या हाती आपले घर, आपले शेत, आपल्या लेकरांची भाकरी, त्याच्या तोंडावर त्याच्या उमेदवाराचे नाव नाकारणे म्हणजे काय, याची कल्पना गुप्त मतदानाच्या युगातील आपण करून पाहावी. कुळे आपल्या धर्मगुरूंसह गावोगावहून पायी आली. हजारोंचा समुदाय कित्येक दिवस त्या लहान गावात होता. परंतु निवडणूक संपेपर्यंत दारूस शिवावयाचे नाही असा निश्चय त्यांनी केला होता व तो पाळिला. एकही दंगा झाला नाही. मतमोजणीत ओकॉनेल यांस २,०५७ आणि फिट्झजेरल्ड यांस ९८२ मते पडली.

या निकालाचा अर्थ ड्यूक ऑफ वेलिंग्टन व पील या कट्टर विरोधकांसही समजला. लोक शिस्तीने एकत्र आले असता त्यांस दडपावयाचे तर यादवी पत्करावी लागेल हे त्यांनी जाणले. आणि १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिकांच्या मुक्तीचा कायदा मंजूर झाला. तरी ओकॉनेल यांची निवड कायद्यापूर्वीची असल्याने त्यांच्यापुढे जुनीच शपथ ठेवण्यात आली. तीत मिस्सेची निंदा होती. त्यांनी ती घेण्याचे साफ नाकारिले, पुन्हा क्लेअरच्या लोकांपुढे गेले, बिनविरोध निवडून आले, आणि मगच पार्लमेंटात बसले.

विजयाची किंमत

येथे थांबावे व जयजयकार करावा असे कोणासही वाटेल. परंतु सत्यास स्मरून पुढील गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुक्तीच्या कायद्याबरोबरच दुसराही कायदा झाला. आयर्लंडच्या परगण्यांत मताची पात्रता ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर, म्हणजे पाचपट, नेण्यात आली. दोन लाखांहून अधिक असलेले मतदार एका फटक्यासरशी सुमारे ३७,००० वर आले. ज्या कुळांनी जमीनदाराच्या डोळ्यांस डोळा देऊन ओकॉनेल यांस निवडून दिले, त्यांचेच मत गेले. मताची किंमत उरली नाही तेव्हा त्यांस पट्ट्यावर ठेवण्यात जमीनदारांचा एक हेतूही संपला. सुशिक्षित व सधन कॅथलिकांस पार्लमेंटाचे आणि न्यायासनाचे दार उघडले. ज्यांच्या पेनीने ते उघडले ते बाहेरच राहिले.

ओकॉनेल यांनी याचा निषेध केला. परंतु त्यापायी मुक्तीचा कायदा परत करण्यास ते सिद्ध झाले नाहीत. १८२५ सालीही अशाच सौद्यास त्यांनी मान तुकविली होती व मागाहून पश्चात्ताप व्यक्त केला होता. हातातील लाभ सोडून सर्वच गमवावे काय, हा त्यांच्यापुढील पेच खरा होता. तथापि हा डाग त्यांच्या चरित्रावर आहे, आणि तो पुसण्याचा प्रयत्न आम्ही करीत नाही. उलट त्यातच या चरित्राचा मोठा बोध आहे असे आम्हांस वाटते. मत कायद्याने येते व कायद्याने जाते. परंतु सभेत बसणे, हिशेब विचारणे, भय असताही आपले मत उच्चारणे आणि राग असताही हात आवरणे, या ज्या सवयी त्या कुळांनी पाच वर्षांत लावून घेतल्या होत्या त्या कोणत्याही कायद्यास काढून घेता आल्या नाहीत.

उत्तरायुष्य

याची प्रचीती लवकरच आली. पार्लमेंटात ओकॉनेल यांनी १८३२ च्या मतसुधारणेस पाठिंबा दिला आणि गुलामगिरीच्या उच्छेदासाठी ते झटले. अमेरिकेतील गुलामगिरीचा निषेध त्यांनी इतक्या कठोरपणे केला की तेथून त्यांच्या चळवळीस द्रव्य देणारे पुष्कळ लोक दुखावले. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. १८४१ साली ते डब्लिनचे नगराध्यक्ष झाले. दुसऱ्या जेम्स राजाच्या काळानंतर हा मान मिळालेले ते पहिलेच कॅथलिक होत.

आयर्लंडास स्वतःचे पार्लमेंट परत मिळावे म्हणून त्यांनी १८४० साली नवी चळवळ उभारिली. १८४३ साली तिच्या सभांस लाखोंचा समुदाय जमे; त्यांत ज्यांची मते गेली होती असे कितीतरी ४० शिलिंगवाले असतील. ८ ऑक्टोबर रोजी क्लॉन्टार्फ येथे मोठी सभा भरावयाची होती. आदल्या दिवशी सरकारने बंदी घातली व सैन्य आणि तोफा सज्ज केल्या. ओकॉनेल यांनी सभा रद्द केली आणि येणाऱ्या लोकांस वाटेतून परत फिरविण्यास चहूकडे स्वार धाडिले. लोक परत फिरले. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरुणांनी याबद्दल त्यांस भित्रे ठरविले, व तेव्हापासून त्यांचा प्रभाव ओसरू लागला. त्यांचे चुकले की नाही याविषयी अद्यापि मतभेद आहेत. परंतु क्षुब्ध झालेला लाखोंचा समुदाय एका शब्दाने घरी परततो, हे त्या समुदायाच्या शिक्षणाचे फळ होते यात आम्हांस संशय नाही. पुढील वर्षी सरकारने त्यांस तुरुंगात घातले; सुमारे तीन महिन्यांनी लॉर्ड्स सभेने शिक्षा रद्द केली.

तेथून पुढचा काळ दुःखाचा. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडात भीषण दुष्काळ माजला. वृद्ध व रोगजर्जर ओकॉनेल यांनी १८४७ च्या फेब्रुवारीत पार्लमेंटात उभे राहून क्षीण आवाजात आपल्या लोकांसाठी साहाय्य मागितले. त्यानंतर ते रोमच्या यात्रेस निघाले. परंतु वाटेतच, इटलीतील जेनोवा शहरी, १५ मे १८४७ रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांच्या इच्छेनुसार हृदय रोमास नेण्यात आले आणि देह डब्लिनातील ग्लासनेव्हिन येथे पुरण्यात आला. ही दफनभूमी त्यांच्याच खटपटीने १८३२ साली उघडली होती, आणि तीत कोणत्याही धर्माच्या मनुष्यास मज्जाव नव्हता.

उपसंहार

आयर्लंडची ही शिकवण समुद्रापलीकडेही पोहोचली. स्वराज्याच्या मागणीस आयर्लंडात पुढे होमरूल हे नाव पडले, आणि तेच नाव घेऊन १९१६ साली लोकमान्य टिळकांनी आपला संघ बेळगावी स्थापिला तेव्हा त्याचे अध्यक्षस्थान माझगावच्या एका कॅथलिक गृहस्थास, बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांस, देण्यात आले. काका बाप्टिस्टा पुढे, १९२५ साली, मुंबईचे महापौरही झाले. आपला धर्म सांभाळून देशाच्या कार्यात पुढे होणे हे आपल्या समाजास नवे नाही.

असो. ओकॉनेल यांचे पुतळे उभारले गेले, डब्लिनातील मुख्य रस्त्यास त्यांचे नाव मिळाले. परंतु पाऊस असो की थंडी असो, रविवारी देवळाच्या दाराशी वही घेऊन उभे राहणारे वसुलदार, अडखळत वर्तमानपत्र वाचून दाखविणारे शाळामास्तर, आणि एनिसच्या बाजारात थरथरत्या आवाजात आपले मत उच्चारून घर गमावण्यास सिद्ध झालेली कुळे, यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. आपल्या धर्मग्रामाच्या कपाटांतही जुन्या वह्या असतील: देवळाच्या कौलांची वर्गणी, शाळेचा फंड, सोसायटीच्या सभेचे वृत्तांत. या महोत्सवानिमित्त त्या उघडून पाहाव्या अशी वाचकांस आमची विनंती आहे. त्यांतील दोन आण्यांपुढे ज्यांची नावे लिहिली आहेत, त्यांनीही आपल्यास काही शिकवून ठेविले आहे. प्रभू त्यांस शाश्वत विश्रांती देवो, आणि त्यांनी घालून दिलेली सवय मोडू न देण्याची बुद्धी आपणांस देवो.